पटकथेच्या वर्गात करारही शिकवावा

पटकथालेखनाच्या विद्यार्थ्यांना प्रसंगाची बांधणी शिकवताना, मुंबईच्या मालिकाविश्वात लेखन प्रत्यक्षात कसे चालते हेही पहिल्याच सत्रात सांगावे, असे मला मनापासून वाटते. दैनंदिन मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे बहुधा वेगवेगळी असतात. कथालेखक पुढील काही भागांचा आराखडा देतो, वाहिनीच्या मंजुरीनंतर पटकथाकार त्याचे प्रसंग पाडतो आणि संवादलेखकाचे पान कित्येकदा चित्रीकरणाच्या आदल्या रात्री सेटवर पोहोचते. एखादा कलाकार आजारी पडला, तर तेच पान सकाळी पुन्हा लिहावे लागते. ही लवचिकता सरावानेच येते.

मात्र सर्वाधिक वेळ मी कराराला देईन. कथेवरील स्वामित्वहक्क (कॉपीराइट) लिहिताक्षणीच निर्माण होतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेकडे केलेली नोंदणी हा त्या तारखेचा पुरावा असतो, आणि तो कथा कोणाला ऐकवण्यापूर्वीच हाती असावा. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटातील लेखनाचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतील वाटा लेखकाला कायदेशीर वारस किंवा ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी स्वामित्वहक्क संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. ही तरतूद ठाऊक नसलेला तरुण लेखक समोर आलेल्या कागदावर मुकाट्याने सही करतो, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. म्हणून वर्गात एक नमुना करार ओळीओळीने वाचावा. मानधनाचे हप्ते, श्रेयनाम आणि करार मोडण्याच्या अटी यांवर विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत.