टोकाला टोक

प्रगतिपुस्तकात कार्यानुभवापुढे मार्क नसायचे, नुसती श्रेणी असायची. त्यामुळे हा तास गणिताच्या सरांनी मागून घेतला तरी कुणाचं काही बिघडत नसे. आमच्या बाई मात्र तो सोडत नसत. जुन्या कॅलेंडरांची पानं, एक पट्टी आणि हाताची नखं, एवढ्यावर त्या आम्हाला झाकणाची डबी करायला लावायच्या. डिंक नाही, खळ नाही. कात्री फक्त चौकोन कापण्यापुरती. "टोकाला टोक! अंदाजपंचे चालायचं नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या बॅचमधला कुणीही झोपेतून उठून म्हणून दाखवील.

त्याच डबीवर आज मी, खोटं कशाला बोलू, चार पैसे कमावतो. माझा फोटो स्टुडिओ आहे. बारसं, मुंज, साठीशांत, रुखवत, असं काही निघालं की गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं आणि मी त्या फोटोचीच डबी करून देतो. बाजारात तयार खोकी मिळतात, त्यांवर फोटोचं स्टिकर मारून देणारेही आहेत. मला ते पटत नाही. तिथे फोटो खोक्यावर असतो. इथे खोकंच फोटोचं.

ज्यांना विसर पडलाय त्यांच्यासाठी: चौकोनाची छापील बाजू खाली ठेवून चारही टोकं मध्यावर आणायची. समोरासमोरच्या दोन बाजू मध्यरेषेपर्यंत दुमडून उघडायच्या, मग उरलेल्या दोन. नंतर समोरासमोरची दोन टोकं पूर्ण उलगडायची, भिंती उभ्या करायच्या आणि ती टोकं भिंतीवरून आत घ्यायची. झालं झाकण. तळाचा चौकोन बाई दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी कापायला सांगायच्या. मी अर्धा सेंटिमीटर कमी घेतो, झाकण अलगद बसतं. आकार मूळचा जपानी, तांदूळ मोजायच्या तिथल्या मासू नावाच्या लाकडी मापाचा.

बाईंच्या वेळी फुलस्केप होता, आता ए-फोर. त्यातून 21 सेंटिमीटरचा चौकोन निघतो, त्याचं झाकण साधारण 7.4 सेंटिमीटरचं होतं आणि उंची त्याच्या निम्मी. म्हणजे चौकोनाचा नेमका आठवा हिस्सा वर दिसतो. शिवाय झाकण कागदाच्या कडांना 45 अंशांत बसतं, त्यामुळे फोटो कॉम्प्युटरवर तेवढा फिरवून छापला नाही तर बारशाचं बाळ डबीवर कोनात निजलेलं दिसतं. चकचकीत फोटो पेपर घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. लेझर प्रिंटरची पूड घडीवर सुटते. झेरॉक्सचा कागद पेढ्यांच्या वजनाने बसतो. 120-130 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) मॅट कागद आणि इंकजेटची शाई, हे माझं ठरलेलं. आतली बाजूही छापील येते, म्हणून खाण्याचं काही ठेवायचं तर बटर पेपर घालायचाच.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी मी आमचा दहावीचा ग्रुप फोटो स्कॅन केला. पायऱ्यांवर मुलं, खाली ओळीने खुर्च्या. खुर्च्यांची ओळ मध्यावर आणली. चौकोनाचा कर्ण 29.7 सेंटिमीटर, तरी फोटोची रुंदी 27च ठेवली, कारण कागदाचं टोक निमुळतं असतं आणि कडेच्या माणसाचा चेहरा कापला जातो. वर-खाली कोरी टोकं उरली, त्यांत इयत्ता, तुकडी आणि साल टाकलं, तेही उलटं छापून; सरळ छापलं तर डबीच्या आत ते शीर्षासनात दिसतं.

मग घड्या घातल्या. झाकणावर मुख्याध्यापक, आमचे वर्गशिक्षक, गणिताचे सर आणि बाई, चौघं चपखल बसले. एवढं अपेक्षितच होतं. गंमत झाकण उलटं केल्यावर कळली. कागदाची टोकं आत येऊन मध्यावर भिडतात ना, त्यातल्या एका टोकावर शिपाईमामा, खुर्च्यांच्या ओळीच्या अगदी कडेला हात मागे बांधून उभे. समोरच्या टोकावर आमचा ताडमाड मित्र, ज्याला फोटोग्राफर "अजून सरक, अजून" म्हणत जवळजवळ चौकटीबाहेर घालवत होता. फोटोत या दोघांच्या मध्ये अख्खी दहावी 'अ' आहे. डबीत ते खांद्याला खांदा लावून उभे! रोज उशिरा येणाऱ्या या गड्याला फाटकातून हळूच आत घेणारे मामाच होते, हे शिक्षकांपैकी कुणी वाचत असेल तर आता सांगायला हरकत नाही. तळाच्या डबीसाठी मी दुसऱ्या तुकडीचा फोटो घेतला, त्यात कडेला कोण निघतं ते 'ब'वाल्यांनी स्वतः उघडून पाहावं.

बाईंना मी पहिली डबी घरी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून आधी कोपरे तपासले, फोटो नंतर पाहिला. "एक भिंत किंचित बाहेर गेलीय," म्हणाल्या. गेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या टेबलावर कापून, छापून तयार चौकोन ठेवतो आहे, सगळ्या बॅचना पुरतील इतके. घडी ज्याची त्याने घालायची. बाई पहिल्याच खुर्चीत बसणार आहेत आणि पेढे त्यांच्याच ताब्यात आहेत. डबी त्यांना दाखवल्याशिवाय पेढा मिळणार नाही.