रेवदंडा ते जयगड: काटे काढून डिजिटल पडदा बसवल्यानंतरची पहिली लांब फेरी

बोटीच्या डॅशबोर्डवर नवीन काही बसवलं की त्याची खरी परीक्षा धक्क्याला बांधून होत नाही. इंजिन तासन्‌तास एका लयीत चालायला हवं, वायरिंग चांगलं तापायला हवं आणि दुपारच्या लाटेचे दणकेही बसायला हवेत. रेवदंडा ते जयगड या फेरीत हे सगळं मिळतं. अंतर सुमारे 75 सागरी मैल. वाटेत मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट, हर्णै, दाभोळ. हिवाळ्यात सकाळी मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर पाणी सपाट असतं, दुपारनंतर वायव्येची लाट चढते. मुक्काम हर्णैला केला तर दोन्ही टप्पे उजेडात होतात.

आमची बोट फायबरची, 28 फुटी. एकच डिझेल इंजिन, जुन्या धाटणीचं, मेकॅनिकल पंपाचं, 12 व्होल्टवर चालणारं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आमची बोटही वर ओढलेली असते, तेव्हाच इंजिनचे काट्यांचे मीटर काढून डिजिटल पडदा बसवण्याचं हे काम केलं. जुन्या मीटरांच्या काचेत खारं बाष्प शिरून निम्मे आकडे पुसट झाले होते. पण काटे बदलण्याचं खरं कारण वेगळं होतं. तापमानाचा काटा 82 वरून 86 वर सरकला तर तो नखाएवढाही हलत नाही, आणि सुकाणूवरच्या माणसाचं लक्ष समोरच्या जाळ्यांच्या बोयांवर असतं. पडद्यावर तेच चार अंश लगेच दिसतात. हे चार अंशच मला हवे होते.

जुन्या इंजिनला डिजिटल पडदा थेट जोडता येत नाही. जुने सेन्सर विजेचा अडथळा बदलून सांगतात, पडद्याला मात्र एनएमईए 2000 जाळ्यावरचे (बोटीवरची उपकरणं एका केबलने जोडणारं जाळं) संदेश लागतात. मध्ये एक कन्व्हर्टर बसवावा लागतो. नवीन, इलेक्ट्रॉनिक पद्धतीचं इंजिन असेल तर तुमचं काम सोपं आहे, कारण ते स्वतःच माहिती देतं, फक्त ती जाळ्यावर पोचवणारा गेटवे लागतो. जुनं असेल तर सगळा भार सेन्सरवर आणि त्यांच्या अर्थिंगवर.

म्हणून सुरुवात पडद्यापासून करू नका, डॅशबोर्डच्या मागे डोकं घालून करा. आमच्याकडे नेव्हिगेशनचे दिवे लावले की तापमानाचा काटा किंचित हलायचा. इंजिन काही दिवे बघून तापत नाही. म्हणजे दोघांची अर्थिंगची वायर एकच होती आणि ती कुठेतरी सैल होती. वायर सोलली तर आतलं तांबं लांबवर काळं पडलेलं. ही वायर तशीच ठेवून हजारोंचा पडदा लावला असता तर चुकीचा आकडा अगदी ठसठशीत दिसला असता, एवढाच फरक. सगळ्या सेन्सरच्या वायरी बदलून टिनचा मुलामा असलेल्या तांब्याच्या घातल्या, टोकं क्रिम्प करून (पकडीने दाबून) वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी श्रिंक नळी चढवली. कन्व्हर्टरची अर्थिंगची वायर थेट इंजिनच्या ब्लॉकवरून घेतली. सोल्डरवर विसंबू नका. कंपनाने वायर सोल्डरच्या कडेला मोडते.

प्रत्येक सेन्सर बसवण्याआधी तपासा. तापमानाचा सेन्सर गरम पाण्याच्या पातेल्यात धरायचा, शेजारी थर्मामीटर, हातात मल्टिमीटर. पाणी थंड होत जाईल तसे आकडे कागदावर लिहायचे आणि कन्व्हर्टरमध्ये निवडलेल्या तक्त्याशी ताडून बघायचे. हुबेहूब सारखे दिसणारे दोन सेन्सर आतून वेगळे असू शकतात. डिझेलच्या टाकीत पातळी सांगणाऱ्या फ्लोटचंही तसंच. युरोपियन पद्धतीत रिकामी टाकी 10 ओहम आणि भरलेली 180, अमेरिकन पद्धतीत रिकामी 240 आणि भरलेली 33. उलटी निवड झाली तर भरलेली टाकी रिकामी दिसेल. त्यातून टाकी तळाशी निमुळती असते, म्हणजे फ्लोट अर्ध्यावर असताना डिझेल अर्धं नसतं. रिकाम्या टाकीत 20-20 लिटर ओतत प्रत्येक टप्प्याला कन्व्हर्टरमध्ये नोंद करणं हा एकच पक्का मार्ग. वेळ लागतो, पण हे काम टाळू नये.

आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) डब्ल्यू टर्मिनलवरून मिळतो. अल्टरनेटरमध्ये ध्रुवांच्या 6 जोड्या आणि पुलीचं प्रमाण 2.2 असेल तर इंजिनच्या एका फेऱ्याला 13.2 स्पंदनं. हा हिशेब कागदावर छान जमतो, तरी क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून लेझर टॅकोमीटरने ताळा घ्याच. पट्टा सैल असेल तर आरपीएम कमी दिसतो.

एनएमईए जाळ्याबद्दल थोडक्यात. मुख्य केबल एकच, तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक), प्रत्येक उपकरणासाठी टी आकाराचा एक जोड, म्हणजे टी, आणि टीपासून उपकरणापर्यंतची वायर 6 मीटरच्या आत. वीज बंद करून दोन्ही सिग्नल वायरींमध्ये मोजा, 60 ओहम आलं पाहिजे. 120 आलं तर एक टर्मिनेटर लागलेला नाही. वीजपुरवठा स्वतंत्र फ्यूजमधून घ्या. बॅटरी जुनी असली की सेल्फ मारताना व्होल्टेज 9 च्या खाली जातं आणि पडदा बंद पडून पुन्हा चालू होतो. शक्य असेल तर सेल्फची बॅटरी आणि पडद्याची बॅटरी वेगळी ठेवा.

जुन्या मीटरांची भोकं 52 मिलिमीटरची आणि टॅकोमीटरचं 85 चं. आम्ही आयएस 710 शिक्क्याच्या मरीन प्लायची फळी नवीन कापून पूर्ण पॅनेल बदललं, कडांना इपॉक्सी दिलं. होकायंत्र तिथेच जवळ असेल तर पडदा चालू-बंद करून सुई हलते का ते बघा. सोबत आलेल्या तांडेल (बोटीचे अनुभवी चालक) काकांनी एक अट घातली होती: तेलाच्या दाबाचा काटा आणि त्याचा बझर काढायचा नाही. "पडदा विझला तर मशीनची नाडी कोण सांगणार?" म्हणाले. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बझरचा स्विच थेट इंजिनवरून, कन्व्हर्टरला वळसा घालून ठेवा.

रेवदंड्याहून पहाटे भरतीला निघालो. कुंडलिकेच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला घाई करू नये. कोर्लईचं दीपगृह मागे पडलं तेव्हा 2000 आरपीएमवर आकडे स्थिर झाले होते: कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) 82 अंश, तेलाचा दाब 4 बार, व्होल्टेज 14.2, एक्झॉस्टच्या नळीवर 46 अंश. हे आकडे वहीत लिहिले. पहिल्या फेरीत प्रत्येक वेगाला असे आकडे लिहून ठेवा. अलार्म कुठे लावायचा हे यावरूनच ठरतं. पुस्तकातल्या आकड्यावर अलार्म लावला तर तो फार उशिरा वाजतो.

जंजिऱ्यासमोर उजेड चढला आणि काकांनी पोलराइज्ड गॉगल लावला, तर पडदा जवळजवळ काळा. मान तिरकी केली की दिसायचा. पॅनेल कापण्याआधी गॉगल लावून, पडदा हातात धरून उभा-आडवा फिरवून बघा. दक्षिणेकडे जाताना सकाळी ऊन डाव्या खांद्यावरून येतं, दुपारी उजव्या. पडदा थोडा मागे कललेला असेल तर दुपारी आकाशच त्यात दिसतं.

बाणकोट ओलांडून केळशीच्या समोर आलो आणि एक्झॉस्टचा आकडा हलला. 46 चा 49, मग 53. कूलंट 82 वरच. काकांनी आवाज ऐकला, म्हणाले, "मशीन ठीक वाटतंय." आकडा 58 झाला तसा मी वेग उतरवला, न्यूट्रल केलं, इंजिन बंद. काकांनी नांगर मोकळा करून हाताशी ठेवला. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) बंद करून त्या पाण्याची गाळणी उघडली, तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी आणि तिच्यावर जेलीफिशचा चिकट लगदा. जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग बुजलेला. इंजिन बंद केलं त्या क्षणी कूलंट फक्त 84 वर पोचलं होतं. जुन्या काट्यावर हे कुणालाही दिसलं नसतं.

यामागचं कारण साधं आहे. समुद्राचं पाणी आधी कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून जातं आणि मग एक्झॉस्टमध्ये पडतं. ते कमी झालं तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) आणखी उघडून कूलंट बराच वेळ सावरून धरतो, एक्झॉस्टच्या नळीला मात्र सावरणारं कुणी नसतं. तिथला आकडा ताबडतोब चढतो. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या इम्पेलरची पाती तुटली तरी पहिली खबर तिथूनच येते. कूलंट गळून सेन्सर उघडा पडला तर तापमान उलट कमीही दिसू शकतं, म्हणून त्या एकाच आकड्यावर भरवसा नको. पैसे मोजकेच असतील तर मोठ्या पडद्यावर घालवू नका. लहान पडदा घ्या आणि एक्झॉस्टचा सेन्सर नक्की बसवा. आमचा अलार्म आता 56 वर आहे.

हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकला. बंदरात मासळीच्या लिलावाची वेळ, होड्यांची प्रचंड ये-जा, त्यामुळे जरा बाहेरच थांबावं. रात्री पडद्याचा उजेड सगळ्यात कमी करा आणि नांगरावर असताना एनएमईए जाळ्याची वीज बंद ठेवा. नाहीतर बॅटरी हळूहळू उतरते आणि सकाळी सेल्फ लागत नाही.

दुसरा टप्पा सरळ गेला. दाभोळ-अंजनवेलपाशी मोठ्या जहाजांकडे लक्ष ठेवावं लागतं, बाकी गुहागरपर्यंत मोकळं पाणी. लाट चढल्यावर डिझेलचा आकडा 10 टक्के इकडेतिकडे नाचू लागला. कन्व्हर्टरमध्ये सरासरीचा अवधी वाढवला की तो शांत होतो. इंधनाचा दर तासाचा खप मात्र आमच्या पडद्यावर येत नाही. मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये जाणारं आणि टाकीत परतणारं असे दोन प्रवाह मोजावे लागतात, ते सेन्सर महाग आहेत. टाकीची नीट नोंद केलेली असेल तर वहीतला हिशेब पुरतो.

जयगडच्या दीपगृहाखालून शास्त्री नदीच्या खाडीत शिरलो तेव्हा पहिल्या दिवशी लिहिलेले सगळे आकडे जागेवर होते. परतीच्या आधी प्रत्येक जोड हाताने ओढून पाहिला आणि टीचे आटे पुन्हा आवळले, दोन सैल सापडले. तुम्ही निघाल तेव्हा सोबत एक जादा टर्मिनेटर, एक टी, इम्पेलर त्याच्या गॅस्केटसह, योग्य मापाचे फ्यूज आणि मल्टिमीटर ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 हा मदतीचा क्रमांक डॅशबोर्डवर चिकटवा. व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल 16 (संकटाच्या हाकेचं) चालू ठेवा, आणि त्याची वीज पडद्याच्या फ्यूजमधून घेऊ नका.