घर ओळखीचं असलं की शब्द पटकन बसतात

आमच्या बडोद्यात हल्ली जिकडे बघावं तिकडे आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, तिच्या क्लासचे बोर्ड, अलकापुरी म्हणा, निझामपुरा म्हणा, आणि क्लासला जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या बॅगेत शब्दांची एक जाडजूड यादी असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ, रोज एवढे पाठ करायचे. मी घरीच इंग्रजी शिकवते, आधी शाळेतली मुलं यायची, आता बायकाही येतात, त्यामुळे या याद्या मी भरपूर बघितल्यात. माझं मत आता पक्कं झालंय. यादीतले शब्द परीक्षा झाली की उडून जातात. गोष्टीत भेटलेले शब्द राहतात, आणि त्यातही परदेशात जाऊन संसार मांडलेल्या घरांच्या ज्या कथा-कादंबऱ्या आहेत नं, त्यांच्याइतकं चांगलं पुस्तक आपल्या लोकांना इंग्रजी शब्द शिकायला दुसरं नाही.

का, ते आमच्या शेजारच्या काकूंवरून सांगते.

काकूंची लेक न्यू जर्सीला असते, पहिलं बाळंतपण, आणि काकूंनी तिकडे सहा महिने जायचं ठरलंय. काकूंचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, सगळी नोकरी गुजराती बोलण्यात गेली, इंग्रजी वाचता येतं पण शब्द तोकडे पडतात. मला म्हणाल्या, अगं निदान डॉक्टर काय सांगतोय ते तरी मला कळलं पाहिजे, दर वेळी लेकीच्या तोंडाकडे काय बघत बसू. त्यांनी आणलेलं संभाषणाचं पुस्तक मी बाजूला ठेवलं (विमानतळावर काय बोलावं, हॉटेलात काय बोलावं, त्यात माणूसच नाही हो कुठे) आणि झुंपा लाहिरींची २००३ची 'द नेमसेक' काढली, कारण ती कादंबरी सुरूच होते ती दिवस भरत आलेल्या एका बाईपासून. आशिमा, कलकत्त्याहून लग्न करून बोस्टनजवळ केंब्रिजला आलेली, नवरा एमआयटीत पीएचडी करतोय, साल १९६८, आणि ही स्वयंपाकघरात उभी राहून राइस क्रिस्पीज नावाचं नाश्त्याचं अमेरिकन सीरियल, शेंगदाणे आणि चिरलेला लाल कांदा एकत्र करतेय, वर मीठ, लिंबू, हिरवी मिरची, आणि मोहरीचं तेल असतं तर बरं झालं असतं असं तिच्या मनात येतंय.

मी एक अक्षर समजावलं नव्हतं. काकू वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, अगं ही तर भेळ करतेय!

लेखिका त्या पदार्थाला कलकत्त्याच्या फुटपाथवर मिळणाऱ्या खाऊचं 'हम्बल अप्रॉक्सिमेशन' म्हणते. अप्रॉक्सिमेशन हा शब्द मुलं गणितात शिकतात, दशांशाच्या दोन घरांपर्यंत उत्तर काढा वगैरे, पण काकूंना तो पहिल्यांदा भेटला तो असा, वाटीत कुरमुऱ्यांच्या जागी भलतंच काहीतरी घालून कशीबशी भेळ जमवणाऱ्या बाईच्या हातात. डिक्शनरी लागलीच नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी फ्लॉवर-मटारच्या रश्श्यावर शेव घालून मला वाटी दिली आणि म्हणाल्या, महाकालीच्या (इथलं प्रसिद्ध दुकान) सेव उसळीचं अप्रॉक्सिमेशन आहे, गोड मानून घे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शब्द अंगवळणी पडला म्हणजे काय, तर हेच.

मग हॉस्पिटलचा भाग आला. ड्यू डेट, कॉन्ट्रॅक्शन, लेबर, डिलिव्हरी, जे शब्द काकूंना हवेच होते ते सगळे ओळीने. पण त्या अडकल्या एका वेगळ्याच जागी. नर्स विचारते मुलगा हवा की मुलगी, तर आशिमा म्हणते काहीही चालेल, दहा बोटं हाताची आणि दहा पायाची असली म्हणजे झालं, पण इंग्रजीत तिच्या तोंडून 'फिंगर' आणि 'टो' जातं, शेवटचा 'स' राहतो, नर्स जरा जास्तच हसते आणि हिला चूक कळते. बंगालीत आकडा आला की पुढच्या नामाचं अनेकवचन करावं लागत नाही, तिथून ती चूक येते. आणि गंमत म्हणजे आशिमाचा कॉलेजात विषयच इंग्रजी होता. काकू ते पान परत परत वाचत होत्या. इंग्रजीत बीए करायला निघालेल्या बाईचं असं होऊ शकतं तर आपण कशाला एवढं दडपण घ्यायचं, असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मोठ्याने वाचायला लागल्या. याआधी कितीही आग्रह केला तरी त्या मनातच वाचायच्या.

नावाचा भाग तर आपल्या घरातलाच वाटतो. बंगाल्यांकडे घरात हाक मारायचं एक नाव आणि बाहेरचं एक, आणि आपल्याकडेही बाळू, बंडू, ताई, माई असतातच की! बाळाचं नाव पणजीच्या पत्रातून येणार म्हणून आईवडील थांबलेत, पत्र काही पोचत नाही, आणि हॉस्पिटलवाले नाव नोंदवल्याशिवाय घरी सोडायला तयार नाहीत. आपल्याकडे बाराव्या दिवसापर्यंत कोणाला घाई नसते, आत्या येईल, कानात कुर्र करेल, मग नाव. काकूंना बर्थ सर्टिफिकेट, सिग्नेचर, डिस्चार्ज हे शब्द ओळखीचे होते, पण ते एकमेकांशी कसे बांधलेत आणि अमेरिकेत आधी काय होतं मग काय होतं, हे गोष्टीमुळे कळलं. लेकीला फोन करून नाव ठरवलंय का म्हणून विचारूनही झालं.

आता दुसरं उदाहरण, माझं सगळ्यात आवडतं. लाहिरींचा १९९९चा कथासंग्रह आहे 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज', ज्याला २०००चं पुलित्झर मिळालं, त्यात 'मिसेस सेन्स' नावाची कथा आहे. मिसेस सेन अमेरिकेत एका अकरा वर्षांच्या मुलाला शाळा सुटल्यावर सांभाळते, जमिनीवर बसून भाजी चिरते, आणि तिच्या हातातल्या त्या अवजाराचं वर्णन त्या मुलाच्या नजरेतून येतं, की हे पातं पुढून वाकलेलं, व्हायकिंग जहाजाच्या नाळेसारखं, एका टोकाला अरुंद लाकडी पाटाला बिजागरीने जोडलेलं. मुलांना वाचायला दिलं तर प्राऊ म्हणजे काय, हिंज्ड म्हणजे काय, सगळे डोकं खाजवत बसले. मी उठून ओट्याखालची विळी आणली आणि पुस्तकाशेजारी ठेवली. बस्स! पातं उघडलं, मिटलं, हा हिंज, हा बेस, ही ब्लेड, आणि पुढचं हे वळण बघा, तो प्राऊ. आमच्या विळीला टोकाशी खोबरं खवायचं चाकही आहे, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर पोरांची जी चर्चा झाली त्यात त्यांनी जेवढं इंग्रजी वापरलं तेवढं कुठल्या वर्कशीटवर वापरलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू आपली, माणसं आपल्यासारखी, रुसवेफुगवे आपल्यासारखे, फक्त शब्द नवे, अशा ठिकाणी अर्थ समोर मांडलेलाच असतो. इंग्लंडातल्या बंगल्यांच्या आणि कोल्ह्यांच्या शिकारीच्या कादंबरीत वस्तूही नवी आणि शब्दही नवा, मग वाचणाऱ्याने कशाला धरायचं?

यावर अभ्यासही झालेत. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे संशोधक आहेत, त्यांनी मांडलंय की मदतीशिवाय आरामात वाचायचं तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच येत असले पाहिजेत, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी, आणि इंग्रजी कादंबरीसाठी त्याला ८ ते ९ हजार शब्दकुळं (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुळ) लागतात. आमच्या काकूंकडे एवढे शब्द नव्हते, तरी त्या वाचत गेल्या, कारण घराची ओळख मदतीला होती, असं मला वाटतं. आणखी एक जुना प्रयोग १९७८चा, नेशनसुद्धा त्यात होते. ज्या कादंबरीत लेखकाने रशियनवरून बनवलेले चित्रविचित्र शब्द भरलेत ती लोकांना अर्थांच्या यादीशिवाय वाचायला दिली, नंतर न सांगता त्या शब्दांची परीक्षा घेतली, आणि लोकांना त्यातले बरेचसे आलेले होते. जे शब्द पुन्हा पुन्हा आले ते जास्त बसले. घरसंसाराच्या कादंबरीत स्वयंपाक, पाहुणे, पत्रं, विमानतळ, आजारपण फिरून फिरून येतच राहतं, एकाच लेखिकेची दोन पुस्तकं लागोपाठ वाचली तर अजूनच.

आम्ही वाचतो कसं, तर अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब, पान संपेपर्यंत मोबाईलला हात लावायचा नाही. पान संपल्यावर निम्मी टिंबं आपोआप पुसता येतात. उरलेल्या शब्दाचं अख्खं वाक्य वहीत, आणि खाली तोच शब्द घेऊन स्वतःच्या घराबद्दल एक वाक्य. वही सोडून नुसतं वाचायचं असेल तर तेही चालेल, पण घराबद्दलचं वाक्य मी सोडू देत नाही. आशिमाला एका ठिकाणी वाटतं की परक्या देशात राहणं हे जन्मभराच्या गरोदरपणासारखं आहे, नुसती वाट बघणं, कायमचं ओझं, सतत 'आऊट ऑफ सॉर्ट्स' वाटणं. काकूंनी त्याखाली लिहिलं की मी लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आले तेव्हा वर्षभर आऊट ऑफ सॉर्ट्स होते, जीव थाऱ्यावर नव्हता, भाजीवाली काय बोलते तेही कळायचं नाही. इंग्रजीतच लिहिलं, चार ओळी.

आपण बडोद्याचे मराठी लोक ही पुस्तकं जरा जास्त जवळून वाचतो असंही मला वाटतं. गायकवाडांबरोबर आलेल्यांच्या कितीतरी पिढ्या इथे झाल्या, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, पोरांना मराठीत विचारलं की गुजरातीत उत्तर येतं. कादंबरीतला गोगोल, म्हणजे आशिमाचा मुलगा, एक शनिवार सोडून एक शनिवार बंगालीच्या क्लासला जातो, त्याच्या आईची ती धडपड इथल्या कुठल्याही आईला समजावून सांगायला नको.

सुरुवात करायची असेल तर 'मिसेस सेन्स'पासून करा, छोटी आहे. मग 'द नेमसेक', ती बरीचशी वर्तमानकाळात लिहिलेली आहे, त्यामुळे क्रियापदं सोपी जातात. मीरा नायरचा सिनेमा पुस्तक संपल्यावरच बघा. एमी टॅनची 'द जॉय लक क्लब' थोडी नंतर घ्या, कारण त्यात माजाँग नावाच्या चिनी खेळाचा डाव आणि चिनी घरातल्या गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. पुस्तकं विकत घेणं जड जात असेल तर मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला खास अमेरिकेहून बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयं उभी केली ती लोकांनी वाचावं म्हणूनच, तेव्हा मेंबरशिप काढा, आणि तुमच्याकडे अशी आणखी पुस्तकं असतील तर मला कळवा. काकूंच्या पाठोपाठ त्यांच्या भिशीतल्या दोघीजणी माझ्याकडे यायचं म्हणतायत, एकीचा मुलगा टोरांटोला आहे, तिला कॅनडातल्या घराची गोष्ट हवी आहे.