लिस्बन: चढ, चावी आणि मधलंच एक स्टेशन

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कुठेतरी लांब जायचं ठरलं तेव्हा मी पॅरिस म्हटलं आणि नवरा लिस्बन म्हणाला, कारण काय तर पॅरिस महाग पडतं. ह्याचं खरं कारण कधीच पहिल्या वाक्यात नसतं हे पंचवीस वर्षांत मला कळलंय, पण तिकिटं खरंच स्वस्तात मिळाली त्यामुळे मीही फार ताणलं नाही. खरं कारण पाचव्या दिवशी कळलं, ते पुढे येईलच.

जूनचा दुसरा आठवडा. मुंबईहून मधे एक विमान बदलून पोचलो तेव्हा दोघांचे पाय सुजलेले आणि घर आल्फामात, म्हणजे लिस्बनची जुनी वस्ती, जिथे टॅक्सी एका ठराविक पायरीपर्यंतच येते आणि पुढे बॅगा आपल्या आपण. जाहिरातीत "अस्सल जुनी इमारत" असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ लिफ्ट नाही असा असतो, एवढं कुणीतरी आधी सांगायला हवं. तिसरा मजला. मालकीणबाई सत्तरीच्या, तळमजल्यावर राहणाऱ्या, इंग्रजीचा एक शब्द नाही आणि आमचं पोर्तुगीज म्हणजे विमानात पाठ केलेलं नमस्कार आणि धन्यवाद. बाईंनी एक हातभर लांब जुनी किल्ली माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाल्या, "शाव्ह." मी नुसतीच बघत राहिले. परत, जरा मोठ्यांदा, "शाव्ह!" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हां, चावी!"

बाई थबकल्या. "चावी?" मग हसायला लागल्या. आणि तिथे जिन्यातच, बॅगा तशाच ठेवून, आमचा खेळ सुरू झाला. नवऱ्याने पिशवीतला ब्रेड दाखवला, त्या म्हणाल्या "पाँव". बाथरूममधला साबण म्हणजे "सबाँव". कोपऱ्यातली बादली म्हणजे "बाल्द". बटाटा तर बतातच. शाळेत कधीतरी शिकलो होतो की हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेत, पण परीक्षेपुरतं शिकणं वेगळं आणि एका अनोळखी बाईने आपल्याच घरातल्या वस्तू आपल्यालाच नावानिशी परत दाखवणं वेगळं. नवरा म्हणाला "इंडिया, गोवा", तर त्यांनी "आ, गोवा!" म्हणून माझ्या गालाला हात लावला. गोव्याशी आमचा संबंध काय तर दर दोन वर्षांनी चार दिवस, पण मी काही खुलासा केला नाही.

चावी मात्र महाहट्टी. दार आधी स्वतःकडे ओढायचं, मग जरासं वर उचलायचं आणि त्या क्षणी फिरवायची. पहिल्याच रात्री अकरा वाजता वीस मिनिटं आम्ही जिन्यात घामाघूम, नवरा यूट्यूबवर बघतोय, शेवटी बाई नाईटगाऊनवर टॉर्च घेऊन वर आल्या आणि एका हिसक्यात उघडून दिलं. आमच्या रत्नागिरीच्या घरी पावसाळ्यात फुगलेलं मागचं दार आई अस्संच उघडते. म्हणजे जमायला हवं होतं मला.

आता चढ. लिस्बन सात टेकड्यांवर आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, माझ्या गुडघ्यांच्या मते सतरा असाव्यात. फुटपाथला पांढऱ्या चुनखडीचे छोटे छोटे चौकोनी दगड, मधे काळ्याची नक्षी, दिसायला फार सुंदर आणि पावसाची सर आली की साबण. (सबाँव!) दुसऱ्याच दिवशी मी भर रस्त्यात बसले. लागलं काही नाही पण समोरच्या कॅफेतले चार म्हातारे एकदम उठून उभे राहिले, त्याची लाज जास्त. शहराचा मधला भाग, बायशा, तेवढा सपाट आणि आखीव आहे, पट्टीने रेघा मारल्यासारखा, आणि तो तसा आहे कारण १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी मोठा भूकंप झाला, सणाचा दिवस म्हणून चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, मग आगी लागल्या, वर नदीतून समुद्र आत आला. त्यानंतर मार्केस द पोंबाल नावाच्या मंत्र्याने हा भाग नव्याने आखून घेतला, भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालून, म्हणजे पुन्हा हलली जमीन तरी इमारत तग धरेल. आमचं आल्फामा मात्र खडकावर असल्यामुळे बरंचसं वाचलं, म्हणून गल्ल्या अजून तशाच वेड्यावाकड्या. आम्ही रोज हरवायचो. रोज म्हणजे रोज.

२८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना करायचीच असते. आम्ही सकाळी सातला मार्तिं मोनीशला गेलो, तिथून ती सुटते, म्हणून बसायला मिळालं. नऊनंतर तीच ट्राम म्हणजे आपली डोंबिवली फास्ट, फरक इतकाच की खिसेकापूंपासून सावध राहा असं इथे सगळ्या भाषांत लिहिलेलं असतं. वळणावर घरांच्या भिंती इतक्या जवळून जातात की खिडकीबाहेर हात काढला तर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला लागेल. मार्तिं मोनीशच्या मागच्या गल्ल्यांमधे आपल्याकडची किराणा दुकानं आहेत, भेंडी, मेथी, पार्ले जी सगळं. एका दुकानातले काका मूळचे दीवचे, बायकोशी गुजराती, गिऱ्हाइकाशी पोर्तुगीज आणि आमच्याशी मुंबईची हिंदी. पोर्तुगीज पासपोर्ट कसा मिळाला ते त्यांनी न विचारता सांगितलं: वडील १९६१ च्या आधी दीवला जन्मले होते. बास, तेवढं पुरतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. मी मासे खाते म्हणून मजेत होते, नवरा शाकाहारी म्हणून काल्दु व्हेर्द नावाच्या सूपवर जगला, बटाटा आणि बारीक चिरलेला हिरवा पाला, चवीला साधं पण छान, फक्त वर शोरिसुची एक चकती तरंगत असते ती नको म्हणून आधी सांगायला लागतं. शोरिसु म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, गोव्याच्या चोरिसाचा मूळपुरुष. कॅफेच्या काचेत समोसे दिसले तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, त्याला तिथे शामुसा म्हणतात, पण मी आधी चावून बघितला तर आत चिकन, मग तो मीच खाल्ला, दुसरा पण. आणि एक, हॉटेलात बसल्या बसल्या ब्रेड, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे नाहीत, लावला की बिलात. आम्ही पहिल्या दिवशी "काय आदरातिथ्य!" म्हणत सगळं संपवलं.

बेलें, म्हणजे लिस्बनचाच नदीकाठचा एक भाग, त्याला अख्खा दिवस द्या, हा माझा आगाऊ सल्ला. जेरोनिमुश मठाच्या चर्चमधे शिरलं की लगेचच वास्को द गामाची समाधी, दगडात झोपलेला, हात जोडलेले. हा मेला कोचीत, १५२४ ला, आणि त्याला आधी तिथेच पुरलं होतं, ती कोचीच्या चर्चमधली जागा आम्ही मागे केरळ ट्रिपला पाहिली होती, त्यामुळे नवरा म्हणाला, "चला, ह्याचे दोन्ही पत्ते बघून झाले." जवळच्या बागेत उंच खांबावर आफोंसु द आल्बुकर्कचा पुतळा आहे, १५१० ला गोवा घेतला तो. ह्याच्याच नावावरून आमच्या आंब्याला हापूस म्हणतात, निदान आमच्याकडे तरी सगळे असंच सांगतात. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा वर फिरवला. बाबा रत्नागिरीहून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या वर बसवलाय होय? विचार गो त्याला, थ्रिप्सवर काय फवारू ते." थ्रिप्स म्हणजे आंब्यावरची कीड.

तिथलंच अजून एक, जे मला सगळ्यात आवडलं. नदीकाठच्या बेलें बुरुजाच्या एका कोपऱ्यावरच्या मनोऱ्याखाली दगडात एक गेंड्याचं डोकं कोरलंय, झिजून झिजून आता बटाट्यासारखं झालेलं, कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्कला खराखुरा गेंडा भेट दिला, त्याने तो गोव्याहून जहाजात घालून राजाला पाठवला, आणि मे १५१५ मधे तो लिस्बनला उतरला. राजाने काय करावं, तर त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. मग राजाने गेंडा पोपला पाठवून दिला, वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळ्यांत बांधलेलं जनावर पण गेलं. ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने त्याचं जे प्रसिद्ध चित्र काढलं ते न बघताच, नुसत्या वर्णनावरून आणि दुसऱ्या कुणाच्या तरी रेखाटनावरून. आणि त्या वेळचे पोर्तुगीज त्याला म्हणायचे काय, तर "गांदा". म्हणजे चावी आणि साबण इकडे आले त्याच्या बदल्यात एक शब्द तिकडे गेला, तो पण बिचारा बुडाला.

त्यानंतर पाश्तेल द बेलें, म्हणजे कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट. १८३७ पासूनचं दुकान, मठातल्या पाककृतीचं, कृती अजून गुप्त, रांग आपल्या चितळ्यांच्या गणपतीतल्या रांगेएवढी. गरम, वर दालचिनी. अंड्याच्या पिवळ्या बलकाचं असतं त्यामुळे नवऱ्याने "हे गोड आहे, गोडात चालतं" असा नवीन नियम केला आणि चार खाल्ले.

आता पाचवा दिवस. ह्याने म्हटलं आज समुद्रावर जाऊ, कश्काइशला, काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल असते. ठीक. पण फास्ट गाडी समोर उभी असताना हा म्हणाला, नको, सगळीकडे थांबणारी घेऊ. मला वाटलं फोटो काढायचेत. गाडी नदीच्या कडेकडेने जाते, डावीकडे पाणी, सुंदर आहे रस्ता, पण हा एकही फोटो काढत नव्हता, दाराशी उभा राहून स्टेशनांची नावं वाचत होता. काशियाश आलं आणि म्हणाला, "उतरू या का इथे जरा?"

काशियाशला बघण्यासारखं काही नाही. एक साधा प्लॅटफॉर्म, पलीकडे छोटासा बीच, टॉवेल खांद्यावर टाकलेली शाळकरी पोरं दंगा करत निघालेली. तेव्हा ह्याने सांगितलं की मोहन रानडे इथल्या तुरुंगात होते. सांगलीचा माणूस, गोव्यात मराठी शिकवायला गेलेला, गोवा मुक्तीच्या लढ्यात पडला, १९५५ ला गोळी लागून पकडला गेला, आणि पुढे त्याला पार इथे आणून टाकलं. डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ ला. मधली सात वर्षं ज्या गोव्यासाठी आत गेले तो स्वतंत्र आणि हे आतच. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी किती धावले ते माझे सासरे नेहमी सांगायचे, गीतरामायणाची कॅसेट लावली की हमखास, मी पण ऐकलंय शंभरदा, पण जेवताना ऐकलेल्या गोष्टीतली जागा कुठे नकाशावर असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्याच्या आलं होतं. सासरे जाऊन तीन वर्षं झाली. "बाबांना यायचं होतं इथे," एवढंच म्हणाला. मग पर्समधली चिक्की मागितली. तुरुंग शोधायला वगैरे आम्ही गेलो नाही, त्याला जायचं नव्हतं. बाकावर बसून चिक्की खाल्ली, वीसेक मिनिटांनी पुढची गाडी आली. तुरुंग हा शब्दही पोर्तुगीज, बरं का, त्रोंकुवरून आलेला. तो मी त्या दिवशी बोलून नाही दाखवला.

संध्याकाळी परत आल्यावर लार्गु दु कार्मुला गेलो. त्या भूकंपात छप्पर गेलेलं चर्च तिथे आहे, कमानी उभ्या आणि वर थेट आकाश, आणि बाहेरच्या चौकात जॅकरांडाची झाडं जांभळी फुललेली. २५ एप्रिल १९७४ ला ह्याच चौकात हुकूमशाही संपली, सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी लाल कार्नेशन खोचली, आणि एक-दोन दिवसांत काशियाशचे राजकीय कैदी पण सोडले. गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केलं ते त्याच वर्षी, नंतर. आम्ही तिथे कॉफी घेऊन दीड तास बसलो. गळ्यात फुलं पडत होती अक्षरशः.

पॅरिस स्वस्त असतं तरी आपण इथेच आलो असतो ना, असं मी विचारलं. हो म्हणाला.

लिस्बनजवळच्या सिंत्राचे राजवाडे पण केले, रंगीत आहेत, गर्दी फार, फोटो इन्स्टावर टाकलेत.

१२ जूनची रात्र म्हणजे सांतु आंतोनियुची, हा संत मूळचा लिस्बनचाच, आणि आख्खं आल्फामा रस्त्यावर. झिरमिळ्या, दारोदारी शेगड्या, सार्डिन भाजण्याचा धूर इतका की डोळे चुरचुरतात. सार्डिन म्हणजे आपली तारलीच, जाड मीठ लावून निखाऱ्यावर आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून हातात देतात, मी किती खाल्ल्या ते विचारू नका. झोप कुणालाच नाही. दुकानांत छोट्या कुंड्या विकायला असतात, मांजेरिकुच्या, मला ऐकू आलं मंजिरी, आणि रोप पण तुळशीच्या घरातलंच, बारीक पानांचं, गोल चेंडूसारखं, त्यात एक कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. मी लगेच नाक घालायला गेले तर मालकीणबाईंनी मला मागे ओढलं. नाक नाही लावायचं, रोप मरतं म्हणे. तळहाताने हलकेच थोपटायचं आणि मग आपला हात हुंगायचा. त्यांनी माझा हात धरून करून दाखवलं. एक कुंडी घेतलीच मी.

विमानात काही ती नेता येणार नव्हती. १४ तारखेला पहाटे पाचला निघालो, दार ओढून, जरा उचलून, एका फटक्यात बंद केलं, आठवडाभराने जमलं एकदाचं, आणि ठरल्याप्रमाणे चावी खालच्या पत्रपेटीत टाकायला गेले तर बाई दारात उभ्याच. हात पुढे. "चावी?"

चावी दिली, कुंडी पण दिली. त्यांच्या खिडकीत आधीच सहा होत्या.