कुड्यांतली दोन माणकं

काकूंना खरं तर एकच खडा बदलायचा होता. सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या, मधोमध माणिक. एक माणिक लालबुंद, आरपार स्वच्छ. दुसरं जरा धुरकट, आत पांढरे ठिपके. "हे डागाळलेलं खोटंच असणार. त्या दुसऱ्यासारखं मिळालं की झालं." सोनाराने दोन्ही खडे काढून पुडीत दिले होते, पण बदलण्याआधी रत्नपरीक्षकाकडून तपासून घ्या असंही बजावलं होतं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. त्याचे उपकारच म्हणायचे.

खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोन्ही सारखेच, १.७६२ ते १.७७०. कृत्रिम माणिक म्हणजे काच नव्हे. तेही क्रोमियममुळे लाल झालेलं ॲल्युमिनियम ऑक्साइडच. घनता तीच, काठिण्य तेच. फरक शोधायचा तो खड्याच्या पोटात.

आधी धुरकट खडा मायक्रोस्कोपखाली घेतला. बाजूने प्रकाश सोडला आणि आतलं रेशीम उजळलं: रुटाइल या खनिजाच्या केसाहून बारीक सुया, तीन दिशांच्या, एकमेकींना ६० अंशांत छेदणाऱ्या. काकूंचे 'डाग' म्हणजे कॅल्साइट या खनिजाचे गोलसर स्फटिक, ब्रह्मदेशात मोगोकच्या संगमरवरात वाढलेल्या माणकांत असतात तसे. सुया अखंड होत्या, म्हणजे रंग खुलवायला कुणी खडा भट्टीतही घातला नव्हता. असं माणिक समोर आलं की माझा हात थांबतोच.

मग स्वच्छ खडा. त्यात काहीच दिसेना. मिथिलीन आयोडाइड या द्रवात बुडवून तो वीसेक मिनिटं हळूहळू फिरवत बसले. एका कोनात अचानक ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेघा आल्या, शेजारी दोन बुडबुडे. निसर्गात स्फटिक सपाट बाजूंनी वाढतो, त्याच्या वाढीच्या रेघा सरळ असतात. कृत्रिम माणिक बनवायच्या व्हर्नॉयच्या पद्धतीत भुकटी ज्योतीतून वितळत पडते आणि गोलाकार माथ्यावर थरावर थर चढतो. तीच ती वक्रता.

काकू मानेनात. "अहो, कुड्या ऐंशी वर्षांच्या. तेव्हा कुठले आलेत कृत्रिम खडे?"

जुना दागिना म्हणजे अस्सल खडा, हा समज मला फार वेळा भेटतो. ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी ही पद्धत १९०२ मध्येच जाहीर केली होती. मी काकूंना खुर्चीवर बसवलं, चष्मा काढायला लावला आणि भिंगातून आधी रेघा, मग रेशीम दाखवलं. रेशमावरून त्यांचा डोळा हलेना.

"एक खडा पडला होता," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "गणपतीत, गावी. सासूबाईंनी अख्खं अंगण चाळून काढलं होतं म्हणे."