फाईलच्या पहिल्या पानावरची लाल ओळ

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला जननेंद्रियांच्या हर्पिसचा त्रास झाला. फोडांतील पाण्याची तपासणी होऊन निदान पक्के झाले आणि पुढे वर्षातून एक-दोनदा तो डोके वर काढीत राहिला. यजमानांना कधी एक फोडही आलेला नव्हता. हा विषाणू कित्येकांच्या अंगात काहीही न दाखवता राहतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी समजावल्यामुळे आमच्या घरात ‘कोणाकडून कोणाला’ हा वाद वाढला नाही. दिवस गेले तेव्हा मात्र तो जुना आजार नव्याने समोर उभा राहिला.

सांगलीत प्रथम ज्या दवाखान्यात नाव नोंदवले, तेथील परिचारिकेने माझे कागद भरता भरता बाकावरच्या सात-आठ बायकांसमोर मोठ्याने विचारले, “हर्पिस म्हणजे ते खालचंच ना?” मी तेथे पुन्हा गेले नाही. दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी दार लावून घेतले, सारे ऐकले आणि एक गोष्ट सांगितली, जिच्या आधाराने मी पुढचे महिने काढले. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हा संसर्ग पहिल्यांदाच झाला, तर प्रसूतीच्या वेळी बाळाला लागण होण्याची शक्यता तीस ते पन्नास टक्के असते. जुना संसर्ग असलेल्या आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे आधीच गेलेली असल्यामुळे, पुन्हा फोड उठलेले असले तरी हीच शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. माझा आजार जुना आहे, ही माझ्या बाजूची गोष्ट ठरेल असे मला कधी वाटले नव्हते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात एकदा फोड आले आणि पाच दिवसांच्या गोळ्यांनी बसले. छत्तिसावा आठवडा लागताच ॲसायक्लोव्हिरच्या ४०० मिलीग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा सुरू झाल्या, त्या थेट प्रसूतीपर्यंत. त्यांच्यासोबत पाणी भरपूर प्यायचे होते. ऐन प्रसूतीच्या वेळी फोड उठू नयेत आणि सिझरची वेळ टळावी, एवढाच त्यांचा हेतू होता. मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून “नागीण झाली का, वहिनी?” असे विचारले, तेव्हा मी मान डोलावली. नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. पण त्या दुकानात हा भेद समजावण्याची माझी तयारी नव्हती.

अवघड होते ते माहेरचे प्रकरण. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे कोरेगावला, हे दोन्ही घरांत न बोलता ठरलेले होते. कळा सुरू झाल्यावर मला तपासणाऱ्या माणसाला हा इतिहास ठाऊक असलाच पाहिजे, यासाठी मॅडम आग्रही होत्या, आणि आठव्या महिन्यात नव्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सारे सांगण्याचे बळ माझ्यात नव्हते. अखेर आईलाच सांगलीला बोलावले आणि एका दुपारी तिला सांगून टाकले. ती म्हणाली, “नागीण? मग गेरू लावला नाहीस का?” ती नागीण नव्हे, हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली, मग उठून तिने माझ्या गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या. सासूबाईंना आम्ही सांगितले नाही, आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही.

अडतिसाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. मॅडम गावी गेल्या होत्या आणि ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर मला ओळखत नव्हत्या. पण फाईलच्या पहिल्याच पानावर मॅडमनी लाल शाईने लिहिलेली ओळ होती: ‘जुना हर्पिस, कळा सुरू होताच नीट पाहणे.’ त्यांनी ती वाचली, आग किंवा मुंग्या जाणवतात का हे विचारले आणि दिवा जवळ घेऊन सावकाश तपासले. एक जरी फोड असता, किंवा तशी आग जाणवत असती, तर सिझर ठरलेलेच होते. काहीच नव्हते. पाणमोट त्यांनी मुद्दाम फोडली नाही, ती आपोआप फुटू दिली, आणि सकाळी सव्वानऊला मुलगी झाली.

स्तनावर फोड नसल्यामुळे दूध पाजण्यास काहीच हरकत नव्हती. बालरोगतज्ज्ञांनी बजावले होते की सहा आठवडे ताप, सुस्ती, दूध न ओढणे, झटके किंवा अंगावर पाण्याचे फोड यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. बारशाला आलेल्या एका काकांच्या ओठाच्या कडेला तापाचे फोड होते. मी सर्वांदेखत त्यांना बाळाचा पापा घेऊ नका म्हटले, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. तोही याच कुळातला विषाणू. तो ओठावर असला की मात्र त्याची लाज कोणाला वाटत नाही.

एकोणिसाव्या दिवशी तिच्या मानेवर बारीक लाल पुरळ दिसले आणि आम्ही रात्री साडेअकराला रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी न हसता सारे अंग तपासले. ते घामोळे होते. एप्रिल संपत आला होता आणि आईने बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळले होते.

सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडू नये, हा आईचा नेम डॉक्टरांच्या सहा आठवड्यांशी जवळजवळ जुळला. तो संपल्यावर दीड महिन्याची लस टोचून घेतली आणि त्याच आठवड्यात आम्ही तिघी मिरजेहून रेल्वेने कोरेगावला गेलो.