थेरपी मधेच का सोडली? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, स्टाफरूममध्ये तर हमखास. "चांगली चालू होती ना पोराची स्पीच थेरपी, मग मधेच का सोडली?" आतापर्यंत मी "जळगावला जाणं जमेना" म्हणून सुटत आले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पोराला घेऊन एसटीनं पारोळ्याहून एरंडोलमार्गे जळगाव, तेही एप्रिलच्या उन्हात. कुणालाही पटतं. पण ते कारण नव्हतं.

कारण 'तठे' हा शब्द होता.

मुलगा तेव्हा 31 महिन्यांचा. कान तपासून झाले होते, 'बेरा' ही ऐकण्याची चाचणी नॉर्मल आली होती. थेरपीच्या खोलीत बुटकं टेबल, त्यावर चित्रांची कार्डं, आणि कपाटावर साबणाच्या फुग्यांची बाटली. त्यानं कार्डांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाटलीकडे बोट केलं आणि स्वच्छ म्हणाला, "तठे!"

मी खुर्चीतून अर्धी उठले. थेरपिस्ट मॅडमनी कागदावर फुली मारली.

"मॅडम, तो बोलला. तठे म्हणजे तिथे."

"मम्मी, तुम्ही मध्ये बोलू नका."

सेशन संपल्यावर त्यांनी विचारलं, घरात कोणत्या भाषा? सासू-सासरे अहिराणी, आम्ही दोघं मराठी आणि अहिराणी. "त्यानंच त्याचा गोंधळ होतोय. अहिराणी बंद करा. शुद्ध मराठी, एकच भाषा." मी वहीत त्याचे 23 शब्द लिहून नेले होते. त्यातले 14 अहिराणी. त्यांनी 9 धरले.

आता हे ऐकून तुम्ही माझ्या बाजूनं चिडाल, तर जरा थांबा. मी पहिलीला शिकवते. "मॅडम, तो माले मारस" म्हणत येणाऱ्या पोराला मी कोण मारतंय ते विचारायच्या आधी "'मला मारतो' म्हण" असं सांगितलेलं आहे. पालकसभेत "घरी शुद्ध बोलत जा" हेही मीच सांगितलंय, वर्षानुवर्षं. मॅडमनी माझंच वाक्य मला ऐकवलं.

तरी आठ दिवस करून पाहिलं. सासूबाई त्याच्यापुढे बसून पाठ म्हटल्यासारखं "बाळा, तुला पाणी हवे आहे का?" म्हणायच्या. तो त्यांच्याकडे बघायचाही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या त्याच्याशी बोलायच्याच थांबल्या. नुसता पेला पुढे करायच्या. दिवसभर त्याच्याशी बोलणारं घरातलं एकमेव माणूस आम्ही गप्प केलं होतं.

मग मी वाचायला लागले. दोन भाषांमुळे मुलाला बोलायला उशीर होतो, याला आधार नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजायचे असतात. इथे मॅडम चुकल्या होत्या, आणि हे मी आजही सोडणार नाही. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2022 मध्ये 50 शब्दांचा टप्पा 30 महिन्यांवर ठेवलाय, हे सापडलं, आणि पुढच्या शनिवारी मी ते मोबाइलवर त्यांच्यासमोर धरलं. बघा, तुम्ही 50 शब्दांना दोन वर्षांचं माप लावताय!

त्या शांतपणे म्हणाल्या, "ते टप्पे चारातली तीन मुलं जिथे पोचलेली असतात तिथे ठेवलेत. म्हणजे ते चुकले तर जास्त लवकर बघायला हवं. आणि हा 31 महिन्यांचा आहे." शिवाय मी माझे 23 च्या 23 धरले तरी 50 होत नव्हते. पहिलीला बेरजा शिकवणारी बाई मी.

त्या दिवशी त्या आणखी काही सांगत होत्या. "मला शब्दांची एवढी काळजी नाही, मम्मी. बोट दाखवल्यावर तो तुमच्याकडे..." एवढंच ऐकलं. मी बॅग उचलली होती. ज्यांना 'तठे' कळत नाही त्यांना माझं पोर काय कळणार, हे बसस्टँडपर्यंत मनात घोकत गेले.

पाच महिने गेलो नाही. घरात अहिराणी परत आली, सासूबाई बोलत्या झाल्या, शब्द वाढले. मी ते वहीत उतरवत होते, तारखेसकट.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी मात्र... नाही, त्याआधी सांगते, मी वाईट आई नव्हते. तुम्ही विचारता त्या सुरात तो आरोप असतो म्हणून सांगते. तर आखाजीला नणंदेसारखी वागणारी माझी चुलत बहीण दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली होती. निंबाला झोका बांधलेला. त्याखाली एक मेलेला भुंगा पडला होता. त्या पोरीनं भुंग्याकडे बोट केलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भुंग्याकडे, पुन्हा माझ्याकडे. तोंडातून शब्द एक नाही, नुसतं "अं! अं!" तिला भुंगा नको होता. मी तो बघायला हवा होता.

माझा मुलगा झोक्याच्या दोरीशी उभा होता. "तठे," म्हणाला, घराकडे बोट करून. त्याला पाणी हवं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

वहीत मी 'तठे'वर लाल पेननं गोल केला होता. बोट दाखवताना तो कुणाकडे बघतो, याचा रकाना नव्हता.

आता तो साडेपाचचा आहे. धुळ्याला दुसऱ्या मॅडमकडे नेतो, त्या अहिराणी शब्दही लिहून घेतात. अहवालात काय लिहिलंय ते इथे सांगणार नाही. मोठा झाला की त्याला वाटलं तर तो सांगेल. जळगावच्या मॅडम ते केंद्र सोडून गेल्या. भेटल्या असत्या तर मी आधी भांडले असते की माफी मागितली असती, हे मला अजून ठरवता येत नाही.

ते पाच महिने वाया गेले का, हे नव्या मॅडमना मी तीनदा विचारलं. त्या उत्तर देत नाहीत. सासूबाई देतात: "पोऱ्या बोलाले लागना ना? मंग?"